झगडणाऱ्या कवीची कविता

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस कविता शिकवितांना शिक्षक पुष्कळदां एक प्रश्न घालतात : या कवितेंतील झगडा कोणाकोणाचा? मग वह्यांतून उत्तरें उतरलीं जातात. मनुष्याचा मनुष्याशीं, मनुष्याचा समाजाशीं, मनुष्याचा सृष्टीशीं, मनुष्याचा देवाशीं, मनुष्याचा स्वतःशीं. उत्तरें चुकीचीं नसतात. पण हीं पांच नांवें म्हणजे फडताळांतील डब्यांवर चिकटविलेल्या चिठ्ठ्या नव्हेत. एकाच कवीच्या आयुष्यांत हे झगडे एकामागून एक, कधीं कधीं एकाच वेळीं, येऊन उभे राहतात. आणि त्यांतील कोणता झगडा कोणत्या प्रकारची कविता देऊन जातो हें पाहूं लागलें म्हणजेच त्या नांवांस कांहीं अर्थ येतो. असें पाहण्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रासारखें दुसरें मराठी चरित्र आम्हांस तरी ठाऊक नाहीं. केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज आणि बालकवि यांच्याबरोबर आधुनिक मराठी कवितेच्या कविपंचकांत त्यांचें नांव घेतलें जातें. आमचे बालवाचक त्यांस फुलामुलांचे कवि म्हणून ओळखतात. फुलांवर आणि मुलांवर इतकें प्रेम करणाऱ्या या कवीच्या वांट्यास शांततेचे दिवस फार थोडे आले.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव या खेड्यांत एका कोंकणस्थ ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असून स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई मायाळू, भाविक आणि कवितेची गोडी असलेल्या होत्या. मुलाचा सगळा ओढा आईकडे. ही आई त्यांच्या लहानपणींच वारली. त्यानंतर तें घर त्यांना घर वाटेनासें झालें आणि ते नाशकास निघून गेले. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. पुढें इंग्रजी शाळेंतहि ते जाऊं लागले, परंतु भावंडांचा भार अंगावर पडल्यामुळें शिक्षण अर्ध्यावरच राहिलें. पदवी नाहीं, पैसा नाहीं, स्थिर नोकरी नाहीं. जवळ होतें तें अफाट पाठांतर, जिभेवर खेळणारीं संस्कृत वृत्तें आणि कमालीचें हळवें मन.

१८८० सालीं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा-बारा वर्षांची मुलगी लग्न होऊन त्यांच्या घरीं आली आणि लक्ष्मी झाली. यापुढील पंधरा वर्षांत टिळकांनीं गांवोगांव केलेल्या नोकऱ्यांची यादी देण्यांत अर्थ नाहीं. मनांत आलें कीं ते उठून चालूं लागत. हातांत आलेला पैसा वाटेंत भेटणाऱ्या पहिल्या गरजवंतास देऊन टाकीत. घरीं बायको वाट पाहात बसे. अशा माणसाचा पहिला झगडा स्वतःशींच असतो, पण तरुणपणीं तो त्यास दिसत नाहीं. त्यास जगांतील अन्याय आधीं दिसतो.

ज्या कवितेनें शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलें ती 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता म्हणून आपण प्रथम घेऊं. कथानक एवढेंसें आहे. पिलांसाठीं चारा घेऊन निघालेली एक पक्षीण माणसाच्या हातून घायाळ होते, कशीबशी घरटें गांठते, पिलांना शेवटचा घास भरविते आणि प्राण सोडते. यास झगडा तरी कसें म्हणावें? एका बाजूस सगळें बळ आहे, दुसऱ्या बाजूस कांहींच नाहीं. संस्कृत काव्याचा उगमहि अशाच एका प्रसंगांतून झाला असें सांगतात. तमसेच्या तीरीं क्रौंच पक्ष्यांच्या जोडप्यांतील नरास निषादानें मारलें, मादी आकांत करूं लागली आणि तें पाहून वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला. टिळकांसारख्या संस्कृतज्ञास ही कथा पाठच असणार. परंतु दोन्ही ठिकाणचा झगडा सारखा नाहीं. वाल्मीकि निषादास शाप देतो, म्हणजे पक्ष्याचा झगडा तो आपल्या हातीं घेतो. टिळक मध्यें पडत नाहींत. ते पक्षिणीलाच बोलूं देतात. माणसाच्या कृतघ्नपणाबद्दल ती बोलते. पण शाप देत नाहीं. पिलांना देवाच्या हवालीं करते आणि संपते. लहानपणीं आई गमावलेल्या मनुष्यानें ही कविता लिहिली आहे, हें ती वाचतांना आम्हांस विसरतां येत नाहीं. मारणाऱ्याचा राग येण्याआधीं पिलांची काळजी वाटूं लागते ती यामुळेंच असावी.

या कवितेचें वृत्त पृथ्वी आहे. सतरा अक्षरांची ओळ, लघुगुरूंचा क्रम ठरलेला, एक मात्रा इकडची तिकडे करण्यास वाव नाहीं. एवढ्या घट्ट चौकटींत त्यांनीं हा आकांत बसविला. वृत्ताची गोष्ट येथें सहज निघाली, पण वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

दुसरा प्रकार समाजाशीं झगडण्याचा. त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे केशवसुतांची 'तुतारी'. ती १८९३ सालची. अशा कवितेंत शत्रूला चेहरा नसतो. जुनी रूढि म्हणजे कोण? ती कोणत्या घरांत राहते? म्हणून कवीस एका माणसाशीं बोलतां येत नाहीं, सर्वांशीं बोलावें लागतें. त्याचा आवाज चढतो आणि कवितेस रणांगणावरील हांकेचें रूप येतें. केशवसुतांस तो आवाज साधला. टिळकांनींहि देशाला जागें करणाऱ्या आणि भेदभावावर प्रहार करणाऱ्या कविता पुष्कळ लिहिल्या आहेत. आमच्या मतें त्या त्यांच्या उत्तम कवितांत मोडत नाहींत. हेतु थोर, शब्द खणखणीत, पण पान उलटलें कीं मनांत फारसें उरत नाहीं. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, टिळकांना समाजाशीं जो झगडा खरोखर करावा लागला तो रूढि नांवाच्या निराकार वस्तूशीं नव्हताच. ज्यांच्या पंक्तीला ते जेवले, ज्यांना त्यांनीं मामा, काका, वहिनी म्हणून हांका मारल्या, त्या माणसांशीं तो होता. त्यांच्याविरुद्ध तुतारी कशी फुंकणार?

हा झगडा कसा उभा राहिला तें सांगितलें पाहिजे. १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास होते. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचें काम त्यांस मिळालें होतें आणि 'ऋषि' नांवाचें एक मासिकहि ते चालवीत. जातिभेदाविषयीं त्यांचें मन आधींच विटलेलें होतें. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणें काव्यावरून निघालें, तें धर्मावर आलें, आणि निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातांत ठेवली. ते कोण, कोठले, हें टिळकांना पुढें कधींच कळलें नाहीं. डोंगरावरील प्रवचन वाचूं लागल्यावर टिळकांना पुस्तक खालीं ठेववेना. पुढील सुमारें दोन वर्षें त्यांनीं वाचनांत, पत्रव्यवहारांत आणि एकट्याच्या तळमळींत काढलीं. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो हिंदी पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता.

त्या दिवशीं सुरू झालेल्या झगड्याला वहींतील पांच नांवांपैकीं कोणतें द्यावें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. एका बाजूस टिळक, दुसऱ्या बाजूस लक्ष्मीबाई, आणि मध्यें तीन-चार वर्षांचा दत्तू. मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत लिहितांना टिळकांची बाजू तेवढी खरी आणि लक्ष्मीबाईंची अज्ञानाची, असें लिहून मोकळें होण्याचा मोह पडतो. पण तें न्यायाचें होणार नाहीं. लक्ष्मीबाईंचा अपराध काय होता? त्यांचे वडील सोंवळ्याच्या बाबतींत कमालीचे कडक. त्या वातावरणांत वाढलेल्या, शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईस एक दिवस कळतें कीं, आपला नवरा धर्म सोडून गेला. तो जिवंत आहे, पण त्याच्या घरीं पाणी पिण्याची सोय उरली नाहीं. कुंकू आहे आणि संसार नाहीं. नातलगांनीं त्यांना व मुलाला पंढरपुरास नेऊन ठेवलें. इकडे टिळक नगरास एकटे. ते पत्रें पाठवीत, पत्रांतून कविता पाठवीत, परत येण्याविषयीं विनवीत. चार-पांच वर्षें असेंच चाललें.

येथें अन्याय कोणी केला? टिळकांस आपल्या सत्याकडे पाठ फिरवितां येत नव्हती. लक्ष्मीबाईंस आपलें सत्य टाकतां येत नव्हतें. दोघेंहि खरीं, दोघांचेंहि एकमेकांवर प्रेम. ज्या झगड्यांत एक बाजू चुकीची असते तो सोसण्यास कठीण असला तरी समजण्यास सोपा असतो. या प्रकारचा झगडा समजण्यासहि कठीण. संस्कृत वाङ्मयांत त्याचा नमुना पाहावयाचा तर भवभूतीचें 'उत्तररामचरित' घ्यावें. राजा म्हणून रामास सीतेचा त्याग करावा लागतो, आणि पति म्हणून तोच राम दंडकारण्यांत येऊन तिच्यासाठीं शोक करतो. सीता अदृश्य रूपानें जवळच उभी राहून तो शोक ऐकत असते. तिसऱ्या अंकांतील हा प्रसंग ज्यांनीं संस्कृतच्या वर्गांत वाचला असेल त्यांस तो आठवेल. पण भवभूति कवि होता, राम नव्हता. टिळक कविहि होते आणि घर सोडून गेलेला तो मनुष्यहि होते. म्हणून पत्नीविषयींच्या त्यांच्या कवितांत युक्तिवाद चालत नाहीं. जिला पटवून द्यावयाचें तिच्याच बाजूनें मन धांव घेतें आणि वाक्य मध्येंच मऊ पडतें. व्याख्यात्याचा तो चढा आवाज या कवितांत नाहीं.

आणखी एक नवल असें कीं, या झगड्याची दुसरी बाजूहि लिहिली गेली आहे. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, आपली फजिती, पंढरपूरचे ते दिवस, सगळें त्यांनीं अशा मोकळ्या, खेळकर मराठींत सांगितलें आहे कीं वाचणारा हंसतां हंसतां एकदम गप्प होतो. कोठें आदळआपट नाहीं, टिळकांवर ठपका नाहीं, आणि त्यांचें स्तोत्रहि नाहीं. पालकांस आमची विनंति आहे कीं हें पुस्तक घरांत आणावें व संध्याकाळीं मुलांस मोठ्यानें वाचून दाखवावें. कवितेंतील झगडा आपण नेहमीं कवीच्याच तोंडून ऐकतों. ज्याच्याशीं कवि झगडला त्या माणसाचें म्हणणें ऐकावयास मिळणें दुर्मिळ.

लक्ष्मीबाई शेवटीं नगरास आल्या त्या धर्म बदलून आल्या नाहींत. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें. एका छपराखालीं दोन स्वयंपाकघरें चालत असत आणि टिळकांनीं त्याबद्दल जुलूम केला नाहीं. राहुरीस असतां विचार करतां करतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, जाति माणसानें केल्या, देवानें नव्हे; आणि ज्या भिंतीसाठीं चार वर्षें ताटातूट सोसली ती त्यांच्या मनांतून नाहींशी झाली. हा निर्णय त्यांनीं एकटीनें घेतला. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ते दिवस दुष्काळाचे होते. पोरक्या मुलांना टिळकांच्या घरीं आसरा मिळूं लागला, आणि पैशाची ओढाताण असूनहि परक्या मुलांनीं तें घर भरून गेलें.

अशाच परक्या मुलांपैकीं एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें, तेथें या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून सभा थक्क झाली आणि त्यास बालकवि ही पदवी मिळाली. पुढें कांहीं काळ तो नगरास टिळकांच्या घरीं मुलासारखा राहिला. सृष्टीशीं मनुष्याचा झगडा हा जो प्रकार इंग्रजी समुद्रकाव्यांतून आमच्या विद्यार्थ्यांस भेटतो, तो या दोघांपैकीं एकाच्याहि कवितेंत नाहीं. टिळक फुलाशीं गप्पा मारीत बसतात. बालकवि तर निर्झर, अरुण, पांखरें यांत हरवूनच जातात. मग बालकवींच्या कवितेंत झगडाच नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता पुन्हां वाचा. रंगांनीं भरलेल्या त्या चित्रांत शेवटीं एक काळोखी स्थिर होऊन बसलेली आहे, आणि ती कोठून आली हें कवि सांगत नाहीं. ज्यास कारण देतां येत नाहीं असा हा झगडा आहे. टिळकांच्या दुःखांना नेहमीं कारण असे, नांव असे, बहुधा पत्ताहि असे. ता. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून बालकवि गेले. त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें.

नगरास टिळकांचा व्याप मोठा होता. ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत शिकवीत. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. मराठी मंडळ्यांत त्या काळीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं गीतें बरींच गाइलीं जात. ख्रिस्ती कीर्तनें नगरास त्यांच्याआधींहि होत असत; परंतु अभंग, भजन आणि टाळमृदंग यांस उपासनेंत मानाची जागा मिळाली ती मुख्यतः टिळकांच्या गीतांमुळें. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना-संगीत' या संग्रहांत त्यांचीं गीतें ठायीं ठायीं आढळतात. तीं गाणाऱ्या पुष्कळांस रचणाऱ्याचें नांव ठाऊक नसतें.

याच काळांत त्यांचा मिशनशींहि झगडा चालला होता, आणि तो लपविण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. ख्रिस्ताचा हिंदी शिष्य परदेशी पैशाच्या आणि परदेशी चालीरीतींच्या आधारानें किती दिवस उभा राहणार, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना ते हें विचारीत ते परके नव्हते. संकटांत पाठीशीं उभे राहिलेले मित्र होते. या मित्रांनीं आपला सगळा जन्म येथें वेंचलेला, आणि टिळकांनीं त्यांच्यासाठीं आप्त सोडलेले. म्हणजे पुन्हां तोच प्रकार, जेथें दोन्ही बाजूंस प्रेम आहे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनें राहावयाचें ठरविलें आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथें एकत्र बसावे, असा त्यांचा मानस होता. कांहींना हें धाडस वाटलें, कांहींना वेडेपणा. घरखर्चाचें काय, हा प्रश्न नेहमींप्रमाणें लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आला. या झगड्यावरहि टिळकांनीं कविता केल्या आहेत. त्या आम्हांस समाजाला उद्देशून केलेल्या कवितांच्याच पंक्तींत बसविण्याजोग्या वाटतात.

राहिला तो देवाशीं झगडा. याची परंपरा महाराष्ट्रांत जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतील अर्जुन दोन कर्तव्यांच्या कात्रींत सांपडला आहे. बाहेरचें युद्ध सुरू होण्याआधींच आंतलें सुरू झालें आहे. तें अठरा अध्यायांच्या विवेचनानें शमतें, कारण त्यास उत्तर देणारा समोर रथावर बसलेला आहे. तुकोबांची गोष्ट निराळी. ते विठोबाशीं ऋणकोच्या दारांत बसलेल्या सावकारासारखे भांडतात, त्याची अब्रू काढतात, धरणें धरतात. कारण तो आहे याची खात्री असून तो भेटत मात्र नाहीं. टिळक तुकोबांस फार मानीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत येऊन पोंचलों, असें ते सांगत. परंतु 'अभंगांजलि' वाचतांना दोघांच्या भांडणांतील फरक ध्यानांत येतो. टिळकांची तक्रार देव भेटत नाहीं ही नाहीं. तो भेटला आहे, माउलीसारखा जवळ बसला आहे, आणि तरी तहान वाढतेच आहे. जितका जवळ, तितका अपुरा. अर्जुनाच्या झगड्यास निर्णय आहे, तुकोबांच्या झगड्यास भेट आहे. टिळकांच्या झगड्यास भेटीनंतरहि शेवट नाहीं. यांत शत्रु कोणीच नाहीं. ज्याच्याशीं भांडावयाचें त्याच्याच मांडीवर डोकें ठेवून भांडणें आहे.

आणि येथें ती वृत्ताची गोष्ट पुरी करावयाची. जोंवर झगडा बाहेरच्या क्रौर्याशीं होता तोंवर टिळकांस पृथ्वीसारख्या वृत्तांची चौकट लागत होती. आंतल्या झगड्यास त्यांनीं बहुतांशीं अभंग आणि ओवी हीं रूपें दिलीं. जात्यावर बसणाऱ्या बाईच्या आणि वारींत चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडीं असणारीं हीं रूपें. संस्कृतांत मुरलेल्या पंडितानें तीं उचलावीं हें सोपें नव्हतें. शब्द साधे करावे लागले, समास सोडावे लागले. 'अभंगांजलि'मधील कित्येक अभंग असे आहेत कीं चवथीच्या मुलासहि अर्थ विचारावा लागणार नाहीं. आम्ही हेंच टिळकांचें सर्वांत मोठें काव्य समजतों. याविषयीं रसिकांत मतभेद आहेत. कित्येकांस फुलांवरील आणि मुलांवरील कविताच अधिक प्रिय आहेत, व त्यांच्याशीं भांडण्याची आमची इच्छा नाहीं.

साताऱ्यास गेल्यानंतर टिळकांची प्रकृति ढांसळत गेली. १९१९ च्या जानेवारींत गोविंदाग्रज गेले. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत टिळकांचा अंत झाला. आपल्या देहास अग्नि द्यावा अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणें दहन झालें आणि रक्षा नगरास नेण्यांत आली.

त्यांच्या मागें एक काम अपुरें राहिलें. ख्रिस्ताचें चरित्र ओवींत गावें म्हणून त्यांनीं 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतलें होतें आणि सुरुवातीचे अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले होते. तें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. ज्या पुस्तकापायीं एके काळीं त्यांचा संसार मोडला त्याच पुस्तकाची कथा त्या आतां ओवीमागून ओवी रचीत बसल्या. नवऱ्यापेक्षां त्यांनींच त्यांतील अध्याय कितीतरी अधिक लिहिले. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याहि वारल्या, तेव्हां अगदीं थोडें उरलें होतें. तें देवदत्तांनीं, म्हणजे पंढरपुरास आईबरोबर राहिलेल्या त्या दत्तूनें, पुरें केलें. 'ख्रिस्तायन' १९३८ सालीं छापून निघालें.